कोकणात जायची गाडी

कधी वेळ मिळाला तर टेप घेऊन सोसायटीच्या पार्किंगमध्ये उतरावं आणि तिथे उभ्या असलेल्या छोट्या एसयूव्ही मोजाव्यात. वॉचमनने हटकलं तर 'कमिटीचं काम आहे' म्हणावं; मग गाडीखाली झोपलात तरी तो काही विचारत नाही. नेक्सॉन भरेल 3995 मिलिमीटर. ब्रेझा 3995. व्हेन्यू 3995. सोनेट 3995. नाशिकला बनणारी 3एक्सओ जरा अंग चोरून, 3990. या कंपन्या एकमेकींचं तोंड पाहत नसतील, पण पत्रा कापताना सगळ्यांची कात्री एकाच खुणेशी येऊन थांबते. बाटाच्या दुकानात चपलेची किंमत शंभराला पाच पैसे कमी असायची, तशी ही गाडी चार मीटरला पाच मिलिमीटर कमी असते. 2006च्या अर्थसंकल्पात छोट्या गाडीची व्याख्या झाली: लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन 1200 सीसीपर्यंत, डिझेल 1500 सीसीपर्यंत. त्यात बसलात तर कर कमी. तेव्हापासून इंजिनं 1199 आणि 1497 सीसीची जन्माला येऊ लागली. त्यांचे आराखडे जगात कुठेही होवोत, माप दिल्लीला घेतलेलं असतं.

पुढे 2023च्या जुलैत जीएसटी कौन्सिलने एसयूव्ही कशाला म्हणायचं तेही एकदाचं ठरवून टाकलं. चार मीटरपेक्षा लांब हवी, इंजिन 1500 सीसीपेक्षा मोठं हवं, आणि रिकाम्या गाडीच्या पोटाखाली किमान 170 मिलिमीटर जागा हवी. या हिशेबाने आपल्या पार्किंगमधली एकही छोटी एसयूव्ही ही एसयूव्ही नाही. 1497 सीसीची क्रेटासुद्धा नाही. हे मालकांना सांगू नये. त्यांनी हप्ते एसयूव्हीचे भरलेले असतात.

तर आमच्या मेहुण्याला अशी एक एसयूव्ही नसलेली एसयूव्ही घ्यायची होती. रंग ठरला होता. सनरूफ ठरलं होतं. मागच्या काचेवर 'आई-बाबांचा आशीर्वाद' लिहायचं की कुलदैवताचं नाव, यावर दोन मतं होती, तीही मिटली होती. राहिलं होतं फक्त इंजिन. शोरूममधल्या मुलाने विचारलं, "सर, पेट्रोल, डिझेल, सीएनजी की ईव्ही?" आणि मेहुणा चहा अर्धा टाकून घरी आला.

पूर्वी हा त्रास नव्हता. पद्मिनी की अँबॅसिडर एवढाच प्रश्न असायचा, आणि पैसे भरल्यावर नंबर लागेपर्यंत इतका काळ जायचा की मधल्या काळात मत बदललं तरी कुणाचं काही बिघडत नसे. आता एकट्या नेक्सॉनच्या पत्र्याखाली चार धर्म नांदतात. शिवाय प्रत्येक धर्मात पंथ आहेत. हाताने गिअर टाकणारे, आपोआप पडणारे, आपोआप पडताना मान पुढे-मागे करायला लावणारे. नेक्सॉन बनते रांजणगावात, म्हणजे अष्टविनायकांतल्या महागणपतीच्या शेजारी. पण इंजिन निवडायची बुद्धी तिथूनही गाडीबरोबर फुकट मिळत नाही.

रविवारी सासऱ्यांच्या घरी बैठक बसली. सासऱ्यांनी सुरुवातीलाच अध्यक्षीय प्रश्न टाकला, "कोकणात कशी जाईल?"

इथे थोडा भूगोल सांगणं भाग आहे. सासऱ्यांचं गाव गुहागरच्या अलीकडे. गणपतीला सगळं घर तिकडे जातं. पुण्याहून निघायचं, खंबाटकी चढायचा, सातारा मागे टाकून उंब्रजला वळायचं, पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. हे वर्षातून एकदा. बाकीचं वर्ष गाडी पुण्यात राहणार आणि ती चालवणार वहिनी, म्हणजे मेहुण्याची बायको. मेहुणा कंपनीच्या बसने जातो. वहिनींचं ऑफिस, मुलीची शाळा, क्लास, येताना भाजी: दिवसाला अठरा किलोमीटर. पण बैठकीत या अठरा किलोमीटरचं नावसुद्धा कोणी काढलं नाही. सगळी चर्चा कुंभार्ली घाटात.

माझं असं निरीक्षण आहे की मराठी माणूस गाडी घेतो ती वर्षातल्या चार दिवसांसाठी, आणि उरलेले दिवस त्या चार दिवसांची गाडी सिग्नलला उभी करतो. पुण्या-मुंबईकडे हे चार दिवस कोकणातले असतात, नागपूरकडे ताडोब्याचे, कोल्हापूरकडे गोव्याचे. ठाण्यात एका स्नेह्यांनी चारही चाकांना ताकद देणारी गाडी लडाखसाठी घेतली. ती अजून शहापूरच्या पुढे गेलेली नाही, पण लडाखला जाऊ शकते या कल्पनेने ते घोडबंदर रोडवर अतिशय शांत असतात. माणसाला इंजिन लागतं ते आपण जसे आहोत त्यासाठी लागतच नाही. सुट्टी मिळाली, पाऊस थांबला, सासूबाईंचे गुडघे बरे झाले तर आपण जसे होऊ, त्यासाठी लागतं.

सासऱ्यांचं मत अर्थातच डिझेल. "चढाला डिझेलच." मेहुण्याने मोबाईलमधून आकडे वाचले: पेट्रोलचा टॉर्क 170 न्यूटन मीटर, डिझेलचा 260. न्यूटन मीटर म्हणजे काय हे बैठकीत कोणालाच नीट सांगता येईना, पण 260 हे 170 पेक्षा जास्त आहेत यावर एकमत झालं.

त्या पिढीचं डिझेलवरचं प्रेम समजून घ्यायला हवं. 2012च्या मे महिन्यात दिल्लीत पेट्रोल 73 रुपयांवर होतं आणि डिझेल 41च्या खाली. लिटरमागे बत्तीस रुपयांचा फरक! त्या काळात पेट्रोल गाडी घेणाऱ्याकडे लोक सहानुभूतीने बघायचे. फियाटचं 1.3 लिटरचं डिझेल इंजिन तेव्हा इतक्या गाड्यांत बसलं होतं की त्याला राष्ट्रीय इंजिन म्हणत. स्विफ्टचं बॉनेट उघडा, तेच. पुंटोचं उघडा, तेच. इंडिका व्हिस्टातही तेच. 2016ला आलेली पहिली ब्रेझासुद्धा त्याच्याच जिवावर आली. पुढे डिझेलचे भाव बाजाराच्या हवाली झाले, फरक आटत गेला, 2020च्या एप्रिलला बीएस-6 आलं आणि मारुतीने डिझेलचं दुकानच आवरलं. पण प्रेम असं भावाबरोबर कमी होत नाही. सासरे अजून डिझेलच्या आवाजाला 'दम' म्हणतात. त्यांच्या मते जी गाडी सुरू झाल्यावर गल्लीतला कुत्रा उठत नाही, ती सुरूच झालेली नसते.

वहिनी आतापर्यंत पोहे परतत होत्या. त्या हात पुसत बाहेर आल्या आणि कॅलेंडरच्या मागच्या बाजूवर गणित मांडलं. पेट्रोल शंभरीच्या वर, पंधराचं ॲव्हरेज धरलं तर किलोमीटरला सात रुपये. डिझेल नव्वदीच्या आसपास, एकोणीसचं ॲव्हरेज, पावणेपाच-पाच रुपये. बचत किलोमीटरला दोन रुपये. दिवसाला अठरा किलोमीटर, वर्षाला साडेसहा हजार. म्हणजे वर्षाला वाचले तेरा-चौदा हजार. आणि शोरूममधून आलेल्या कागदावर दोन गाड्यांतला ऑन रोड फरक होता एक लाख चाळीस हजार, कारण महाराष्ट्रात डिझेलला पासिंगचा करही पेट्रोलपेक्षा दोन टक्के जास्त.

"दहा वर्षांनी पैसे वसूल," वहिनी म्हणाल्या.

दहा वर्षं हा आकडा डिझेलच्या बाबतीत अशुभच म्हणायचा. दिल्लीकडे हरित लवादाने 2015 साली दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी घातली आणि 2018ला सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. तेव्हापासून त्या नियमाची बरीच ओढाताण चालली आहे, पण धसका देशभर बसला. वसुलीचा पहिला रुपया हातात यायचा आणि त्याच दिवशी गाडी भंगारवाल्याच्या दारात, हे चित्र सासऱ्यांनाही पटलं नाही.

त्यातून नव्या डिझेलची तब्येत नाजूक. एक्झॉस्टमध्ये काजळी धरणारा फिल्टर असतो. काजळी साठली की ती जाळून टाकायला इंजिनाला सलग पंधरा-वीस मिनिटं बऱ्या वेगाने पळावं लागतं. शाळा-ऑफिस-भाजी अशा तुकड्यातुकड्याच्या फेऱ्यांत ते होत नाही, आणि मग समोर दिवा लागतो. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ त्यासाठी रविवारी पहाटे गाडी एक्स्प्रेस वेवर नेऊन आणतात. इंधन वाचावं म्हणून घेतलेली गाडी, आणि ती ठणठणीत राहावी म्हणून उठून इंधन जाळायचं. घरी विचारलं तर सांगतात, मोकळी करून आणली. शिवाय काही डिझेल गाड्यांना युरियाचं पाणी पाजावं लागतं, 32.5 टक्के युरिया, बाकी पाणी. हे ऐकून सासऱ्यांनी चष्मा काढला. भाताला युरिया मिळवताना त्यांनी गुहागरला काय रांगा लावल्या होत्या ते त्यांना आठवलं असावं.

पेट्रोलची बाजू कोणी घेतलीच नाही. पेट्रोल हा उमेदवार कायम असा असतो: कुणाचा विरोध नाही, आणि कुणाचं प्रेमही नाही. त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. लिटरमागे इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने कमी, त्यामुळे ॲव्हरेज थोडं बसणारच. पण सासूबाईंचं माहेर सांगलीकडचं, घरचा ऊस कारखान्याला जातो. "आपलाच ऊस आहे तो," त्या म्हणाल्या, आणि पेट्रोलच्या ॲव्हरेजवरची टीका त्या घरात कायमची बंद झाली.

ॲव्हरेजचा विषय निघाला की पुणेकराला जास्त बोलायचा हक्क आहे. गाड्यांच्या जाहिरातीत तळाला जो एआरएआयचा आकडा असतो, ती 1966 साली स्थापन झालेली संस्था कोथरूडच्या टेकडीवर आहे. ज्या टेकडीवर अर्धं कोथरूड सकाळी वजन कमी करायला चढतं, तिथेच देशभरातल्या गाड्यांचं ॲव्हरेज वाढतं. परीक्षा रोलरवर होते. गाडी जागच्या जागी पळते, एसी बंद, वेग नव्वदच्या वर जात नाही, साधारण वीस मिनिटांत आटोपतं. समोर रिक्षा नाही, खड्डा नाही, वरात नाही, सिग्नल सुटायच्या आधी मागून हॉर्न नाही. त्या मशिनवर पास झालेली गाडी टेकडी उतरून नळ स्टॉपच्या चौकात आली की तिला कळतं, प्रश्नपत्रिका वेगळी होती.

हायब्रिडवाले या आकड्यांच्या जगात सगळ्यांत वरचे. हायरायडर आणि ग्रँड विटारा 2022 साली आल्या त्याच मुळी 27.97 असा आकडा मिरवत. अठ्ठावीस म्हणवत नाहीत, सत्याण्णव पॉइंटचा प्रामाणिकपणा. पण ही गाडी खरंच विचित्र आहे. ब्रेक मारला की वाया जाणारी ताकद ती छोट्याशा बॅटरीत साठवते आणि रांगेत रांगताना इंजिन बंद ठेवून विजेवर सरकते. त्यामुळे तिचं ॲव्हरेज मोकळ्या हायवेपेक्षा शहरात चांगलं पडतं. हिंजवडीच्या कोंडीचा फायदा झालेली माझ्या माहितीतली ही पहिलीच वस्तू. सासूबाईंनी विचारलं, "चार्जिंग कुठं करायचं?" मेहुणा म्हणाला, "करायचं नाही, ती आपली आपण होते." सासूबाईंचा चेहरा असा झाला की घरात हे गुण असलेलं माणूस त्यांनी अजून पाहिलेलं नाही. पण या गाड्या चार मीटरच्या बाहेर. 22 सप्टेंबर 2025पासून छोट्या गाडीला 18 टक्के जीएसटी आणि मोठीला 40, म्हणजे इंधन वाचवणारी गाडी करात बड्या धेंडांच्या पंगतीला. वहिनींनी कॅलेंडरवर एक रेघ मारली आणि विषय संपला.

सीएनजीला मात्र जोरदार समर्थन मिळालं, कारण मेहुण्याचा धाकटा चुलतभाऊ सीएनजीवाला. सीएनजीवाला माणूस ओळखायला सोपा. तो लिटर बोलत नाही, किलो बोलतो. त्याला शहरातले पंप पाठ असतात आणि कुठल्या पंपावर किती वाजता प्रेशर असतं तेही. संध्याकाळी प्रेशर पडलं की अर्धीच टाकी भरते, म्हणून तो पहाटे पाचचा गजर लावतो. एवढ्या शिस्तीने तो कॉलेजात वागला असता तर त्याला गॅस वाचवावा लागला नसता, असं सासरे त्याच्या तोंडावर म्हणाले. पंपावर पोचल्यावर सगळ्यांनी खाली उतरायचं. दोनशे बारचा दाब असतो, नियमच आहे. गाडी झोपलेल्या आजी, डबा खाणारी मुलं आणि मांडीवरचं बाळ असं सगळं कुटुंब फुटपाथवर ओतते, गॅस भरते, आणि पुन्हा सगळ्यांना गोळा करते. यात एखादं मूल राहून कसं जात नाही याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं.

दुसरा मुद्दा डिकीचा. साठ लिटरचा सिलिंडर डिकीत आडवा पडला की उरलेल्या जागेत एक बॅडमिंटनची रॅकेट मावते. टाटांनी यावर तोड काढली. एका मोठ्याऐवजी दोन छोटे सिलिंडर डिकीच्या तळाशी घातले, वरती बॅगा राहतात. चुलतभावाने हे मोठ्या अभिमानाने सांगितलं. सासूबाईंनी विचारलं, "नारळ?" गुहागरहून येताना गाडीत काय असतं याची यादी त्यांना पाठ होती: नारळाचं पोतं, सुपाऱ्या, कोकमं, तांदूळ, अर्धा फणस. फणसाचं नाव निघताच सीएनजीचा उमेदवार मागे घेण्यात आला.

आता उरली वीज. इथे सासऱ्यांचा एक तपशील सांगायचा राहिला. ते विजेच्या खात्यातून निवृत्त झाले. नोकरीतली बरीच वर्षं पोफळीला काढली, कोयनेच्या वीजघरात. त्यामुळे विजेच्या गाडीबद्दल त्यांचा शब्द अखेरचा, आणि तो असा: "मी उभी हयात विजेत घालवली, म्हणून सांगतो, विजेवर विसंबू नका."

मेहुण्याने प्रश्नांची उत्तरं पाठ करून ठेवली होती. पाण्यात शॉक बसतो का? नाही, बॅटरीला आयपी 67 दर्जा असतो, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडवली तरी आत पाणी जात नाही. (सासरे: "आणि एकतिसाव्या मिनिटाला?") बॅटरी मेली तर? आठ वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटरची वॉरंटी. घाट चढेल? मोटर पहिल्याच क्षणापासून पूर्ण जोर लावते, डिझेलसारखी टर्बोची वाट बघत नाही. कर? पाच टक्के जीएसटी, आणि अटल सेतूवर 2025च्या ऑगस्टपासून टोलसुद्धा माफ. शेवटच्या मुद्द्यावर सासरे हलले. अटल सेतूवर त्यांचं काहीही काम नव्हतं, पण टोल माफ म्हटल्यावर एकदा जाऊन यायला हरकत नाही असं त्यांनी बोलून दाखवलं.

मेहुण्याच्या एका मित्राकडे विजेची गाडी होती. तो त्याच सुमारास चिपळूणला निघाला होता. त्याने सासऱ्यांना, मेहुण्याला आणि मला घेतलं. विजेच्या गाडीत पुढे बसणाऱ्याची नजर रस्त्यावर नसते, टक्क्यांवर असते. खंबाटकी चढताना टक्के असे उतरले की मित्राने कोणाला न विचारता एसी बंद केला. मग काचा खाली कराव्या की हवेचा विरोध वाढेल यावर चर्चा होऊन त्याही बंद राहिल्या. आम्ही तिघे घामाघूम, गाडी मात्र थंड. साताऱ्याच्या पुढे एका ढाब्यावर चार्जर होता. त्याला लागणारं ॲप मित्राच्या फोनमध्ये नव्हतं. बाकीच्या सगळ्या चार्जरांची होती, प्रत्येकात चाळीस-पन्नास रुपये अडकलेले. नवं ॲप उतरवून, ओटीपी घेऊन, पाकीट भरून गाडी लागली एकदाची. पाऊण तास. पाऊण तासात माणूस काय करतो? मिसळ खातो, मग ताक, मग चहा, मग दुसऱ्या चार्जरवरच्या अनोळखी माणसाला 'तुमची किती जाते?' विचारतो. दोघेही थोडं वाढवून सांगतात.

कोयनानगर आलं तेव्हा गाडीत चिंतेचं वातावरण होतं. एकीकडे 1960 मेगावॅटचा कोयना प्रकल्प, अर्ध्या महाराष्ट्राला वीज पाजणारा, आणि त्याच्या दारातून आम्ही चाललोय ते मित्राच्या तोंडचे आकडे ऐकत: अठ्ठावीस, सत्तावीस, सत्तावीस. मग कुंभार्लीचा उतार लागला. मित्राने पाय उचलला आणि गाडी स्वतःच धरल्यासारखी हळू झाली. आकडा थांबला. एका वळणानंतर अठ्ठावीस झाला. पुढे एकोणतीस.

सासरे पुढे झुकले. "वाढतंय?"

"हो काका. उतारावर मोटर उलटी चालते, जनित्र होते. ब्रेकची ताकद बॅटरीत जाते."

सासरे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग खाली दरीत पोफळीकडे हात करून म्हणाले, "म्हणजे आमचंच की हे! पाणी वरून खाली आलं की वीज. गाडी वरून खाली आली की वीज." त्यानंतर घाट संपेपर्यंत त्यांनी आम्हाला टर्बाइनची रचना समजावून सांगितली, आणि वर चढताना जेवढे जातात तेवढे टक्के उतरताना परत का मिळत नाहीत हेही, अगदी मोटरवाल्या कंपनीच्या बाजूने. चिपळूणला उतरल्यावर त्यांनी गाडीच्या बॉनेटवर थाप मारली. डिझेलला ते मारायचे तशी.

घर तयार झालं म्हटल्यावर नागपूरच्या काकांचा फोन आला. काका 'थांबा' पक्षाचे. 30 मार्च 2022ला गडकरी हायड्रोजनवर चालणाऱ्या मिराईतून संसदेत गेले, तेव्हापासून काका सांगतात, "थांबा, हायड्रोजन येतोय." पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये इथेनॉलवर चालणारी इनोव्हा दिल्लीत दाखवली, तेव्हा "थांबा, फ्लेक्स फ्युएल येतंय." आता त्यांचं मन सॉलिड स्टेट बॅटरीवर आहे. थांबण्यात त्यांनी जेवढं पेट्रोल वाचवलंय तेवढं कुठल्याच हायब्रिडने वाचवलेलं नाही. फक्त त्यांना स्टेशनवरून आणायला दर वेळी दुसऱ्याचं जातं.

खरी अडचण निघाली सोसायटीत. मेहुण्याला हवं होतं काय, तर स्वतःच्या मीटरवरून स्वतःच्या पार्किंगपर्यंत स्वतःच्या खर्चाने एक केबल. सेक्रेटरी म्हणाले, "एकाला दिलं की सगळे मागतील." हे वाक्य सोसायटीच्या उपविधींत कुठे नाही, पण त्याच्याइतकी काटेकोर अंमलबजावणी दुसऱ्या कुठल्या कलमाची होत नाही. खजिनदारांना कॉमन लाइटच्या बिलाची शंका. केबल कॉमन भिंतीवरून जाणार म्हटल्यावर भिंतीचं भाडं घ्यावं का, असा एक विचार आला. सर्वांत कडवा विरोध सातव्या मजल्यावरच्या ज्यांच्याकडे गाडीही नाही आणि पार्किंगही नाही त्यांचा. त्यांचं म्हणणं तत्त्वाचं होतं. विषय पुढच्या सर्वसाधारण सभेवर गेला. तो इतक्यात सुटला नसता, पण मधेच सेक्रेटरींच्या मुलाने विजेची स्कूटर घेतली. पुढच्या रविवारी ठराव चहा येण्याआधी मंजूर झाला. 'एकाला दिलं की सगळे मागतील' हेच वाक्य या वेळी ठरावाच्या बाजूने वापरण्यात आलं.

आता भांडण राहिलं बॅटरीचं. मेहुण्याला मोठी हवी होती, 45 किलोवॅट-अवरची. गुहागरपर्यंत एका दमात. तिच्या नि छोट्या बॅटरीच्या किमतीत मोठा फरक. मेहुणा बाजू मांडत होता, सासरे आता विजेच्या बाजूने इतके कट्टर झाले होते की आणखी मोठी मिळते का विचारत होते. तेवढ्यात वहिनींनी सांगितलं की त्यांनी गाडी बुक केली. छोटी बॅटरी, 30ची. आठवड्यातून एकदा रात्री लावून ठेवायची.

घरात शांतता पसरली. सासऱ्यांनीच ती मोडली. "आणि कोकणात?"

"कोकणात एसटीने," वहिनी म्हणाल्या, आणि कॅलेंडरचं ते पान पुन्हा काढलं. पेट्रोल सात रुपये, डिझेल पावणेपाच, सीएनजी साडेचार, घरची वीज दीड रुपया यांच्या खाली त्यांनी आणखी एक ओळ लिहून ठेवली होती. बाबा पंचाहत्तरच्या पुढचे, 2022पासून त्यांना एसटी फुकट. आईंना आणि मला 2023पासून अर्धं तिकीट. मुलगी माझ्या मांडीवर नाही बसणार, तिचंही अर्धं. पूर्ण तिकीट फक्त यांना आणि भाऊजींना. मेहुण्याने त्या ओळीत चूक शोधायचा प्रयत्न केला. सापडली नाही. गणपतीला जादा गाड्या सुटतात हेही खरंच होतं.

तर यंदा स्वारगेटहून निघालो. सामान टपावर आणि सीटखाली, नारळांसाठी परतीला जागा राखून. विजेची गाडी घरी, पार्किंगमध्ये, शंभर टक्के. मेहुण्याने हट्टाने ड्रायव्हरच्या मागची जागा धरली होती. कुंभार्लीच्या अलीकडे चढ लागला, एसटीने गिअर बदलला, सगळी बस एकदा थरारली, आणि सासरे समाधानाने म्हणाले, "दम बघ." मेहुण्याला मग राहवलं नाही. तो पुढे वाकला.

"मास्तर, ॲव्हरेज किती देते हो?"

ड्रायव्हरने आरशातून त्याच्याकडे पाहिलं. "आम्हाला काय माहीत? डिझेल डेपोत भरतात."